फौजदारी कुठवर?

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचा हंगाम ओसरला की एक बातमी जवळजवळ ठरलेली असते. व्यापाऱ्याने दहा-वीस बागाईतदारांचा माल उचलला, थोडे पैसे रोख दिले, उरलेल्याचे चेक हातात ठेवले आणि गाशा गुंडाळला. चेक बँकेतून परत आला की निफाडचा किंवा दिंडोरीचा शेतकरी पोलीस ठाण्याची पायरी चढतो. तिथे त्याला बहुतेकदा ऐकवले जाते, ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा.’ त्याला हे पटत नाही. घरातली पन्नास हजारांची रोकड कोणी चोरली असती, तर याच ठाण्यात त्याची फिर्याद घेतली गेली असती. मग भरदिवसा ट्रक लावून चार लाखांची द्राक्षे नेणारा माणूस चोर का नाही?

शेतकऱ्याचा संताप रास्त आहे आणि हवालदाराचे उत्तरही दर वेळी टाळाटाळीचे नसते. कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो तो व्यापाऱ्याच्या हेतूमुळे. माल उचलतानाच पैसे बुडवायचे मनात असेल तर ती फसवणूक. जुन्या दंड संहितेतले कलम 420 ते हेच, आता भारतीय न्याय संहितेत 318. पण घेताना देण्याची इच्छा होती आणि नंतर दर कोसळले, कंटेनर बंदरात अडकला, पुढच्याने पैसे थकवले म्हणून व्यापारी बुडाला असेल, तर ते थकलेले देणे आहे आणि त्याची वसुली दिवाणी न्यायालयातून करायची. शेतकऱ्याचे नुकसान दोन्हीकडे सारखेच. तरीही एका रस्त्याने व्यापारी तुरुंगात जातो आणि दुसऱ्या रस्त्याने त्याच्या गाळ्यावर जप्ती येते.

हा भेद ज्याला कळला त्याला फौजदारी कायद्याचा अर्धा पाया कळला. उरलेला अर्धा खटल्याच्या नावात असतो. दिवाणी दावा एका माणसाने दुसऱ्यावर लावलेला असतो. फौजदारी खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा चालतो. ज्याचे नुकसान झाले तो त्यात पक्षकारही नसतो, फार तर पहिला साक्षीदार असतो. वकील सरकारचा, तपास सरकारी, शिक्षा भोगायची जागाही सरकारी. खून, दरोडा, बलात्कार यांनी सगळ्या समाजाची शांतता मोडते असे मानून राज्यसंस्था पीडिताचे भांडण स्वतःच्या अंगावर घेते. यात पीडिताचा मोठा लाभ आहे. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याच्यामागेही, निदान कागदावर, पोलीस आणि सरकारी वकील उभे राहतात. पण भांडण एकदा सरकारच्या हाती गेले की ते परत आपल्या हाती येत नाही. फिर्यादीला नंतर वाटले म्हणून खुनाचा खटला मागे घेता येत नाही. तडजोड करता येईल असे गुन्हे कायद्यानेच नेमून दिले आहेत, आणि त्यातल्या काहींना न्यायालयाची परवानगी लागते.

राज्यसंस्थेच्या हाती इतके बळ दिल्यावर तिच्यावर बंधनेही तितकीच कडक हवीत, म्हणून पुराव्याची पट्टी वेगळी ठेवली आहे. दिवाणीत ज्याची बाजू अधिक संभाव्य वाटते तो जिंकतो. फौजदारीत सरकारला वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतके सिद्ध करावे लागते. पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात तिच्या पतीला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये त्याला सोडले. निव्वळ परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी ठरवायचे तर काय काय जुळावे लागते याची पाच सूत्रे त्या निकालाने घालून दिली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. राज्यघटनेच्या 20व्या अनुच्छेदातली तीन बंधनेही याच जातीची आहेत : कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता त्याबद्दल नंतर शिक्षा नाही, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही.

हेतूचा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही. 28 नोव्हेंबर 1962 च्या पहाटे झुरिकहून मनिलाला निघालेले विमान सांताक्रूझला उतरले. मेयर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन प्रवासी विमानातच बसून होता. त्याच्या अंगावरच्या जाकिटात 34 किलो सोन्याच्या लगडी निघाल्या. भारतातून नुसते पुढे जाणारे सोनेही विमानाच्या मालयादीत नोंदवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नवा आदेश निघाला होता. तो राजपत्रात छापून आला 24 नोव्हेंबरला. चार दिवसांपूर्वी दिल्लीत छापलेले राजपत्र स्वित्झर्लंडहून निघालेल्या माणसाने वाचले असेल अशी अपेक्षा कोण करील? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये दोन विरुद्ध एक अशा मतांनी ते फिरवले. परकीय चलनाची गळती थांबवणे हा कायद्याचा हेतू, त्यात आरोपीला आदेश ठाऊक होता का हे विचारत बसले तर कायदाच निकामी होईल, असे बहुमताचे म्हणणे. न्यायमूर्ती सुब्बाराव यांना ते मान्य झाले नाही. गंमत अशी की बहुमतानेही शिक्षा मात्र भोगून झाली तेवढीच पुरे ठरवली. दोषी म्हणायचे, पण आणखी तुरुंगात ठेवायला मन धजायचे नाही. दुष्ट हेतू वगळून गुन्हा ठरवला की न्यायाधीशांचीही अशी कुचंबणा होते.

आणि नेमक्या याच वाटेने संसद चेकच्या बाबतीत गेली. परक्राम्य संलेख अधिनियमात 1988 मध्ये दुरुस्ती होऊन कलम 138 आले आणि 1 एप्रिल 1989 पासून न वटलेला चेक हा गुन्हा ठरला. चेक परत आल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक देताना मनात काय होते हे तक्रारदाराने सिद्ध करायचे नाही. उलट चेक देण्यापोटीच दिला होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे आरोपीला दाखवावे लागते. ज्या भेदामुळे निफाडचा शेतकरी ठाण्यातून परत फिरला होता, तो या कलमाने चेकपुरता पुसून टाकला.

हे चांगले झाले की वाईट? बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दिवाणी दाव्यात हुकूमनामा मिळेपर्यंत वर्षे जातात आणि त्यानंतर वसुलीसाठी दरखास्त नावाचा दुसरा प्रवास सुरू होतो, हे ज्याने भोगले आहे त्याला तुरुंगाची भीती हा एकच उपाय खरा वाटतो. चेकवर भरवसा ठेवता आला नाही तर उधारीचा व्यापार चालायचा कसा? केंद्राच्या अर्थमंत्रालयाने जून 2020 मध्ये हे कलम गुन्ह्यांच्या यादीतून काढण्याचा विचार मांडला तेव्हा व्यापाऱ्यांच्या संघटनाच सर्वांत आधी विरोधात उभ्या राहिल्या. प्रस्ताव मागे पडला.

विरोधातली बाजू आकड्यांत दिसते. 2019 च्या अखेरीस देशात 2 कोटी 31 लाख फौजदारी खटले पडून होते, त्यांतले 35 लाख 16 हजार एकट्या कलम 138 चे, असे सर्वोच्च न्यायालयानेच 2021 मध्ये नोंदवले. म्हणजे दर सहा-सात खटल्यांमागे एक चेकचा. ज्या दंडाधिकाऱ्यासमोर मारहाणीचे, छळाचे आणि चोरीचे खटले चालायचे त्याचा दिवस समन्स बजावले का, पत्ता बरोबर आहे का, यात जातो. या कलमाखालची कारवाई म्हणजे लांडग्याचे कातडे पांघरलेली मेंढी, वरून फौजदारी आणि आतून दिवाणी, अशा अर्थाची टिप्पणी त्याच वर्षी न्यायमूर्ती नरिमन यांच्या एका निकालात आली. दुसरे असे की कलम आले तेव्हा डोळ्यांसमोर फसवणारा व्यापारी होता. आज आरोपीच्या पिंजऱ्यात पुष्कळदा कर्ज घेताना कोऱ्या चेकवर सह्या करून दिलेला रिक्षावाला किंवा किराणा दुकानदार असतो आणि तक्रारदार वित्त कंपनी. तिच्याकडे वकिलांची फौज असते, आणि तिच्यासाठी हे कलम वसुलीचे सर्वांत स्वस्त साधन झाले आहे.

आमचे मत असे : कलम सरसकट काढू नये, पण ते आहे तसेही राहू नये. जिथे धनको संस्था आहे, तारण किंवा वसुलीचे अन्य मार्ग तिच्या हाती आहेत, तिथे कोऱ्या तारण-चेकवर तुरुंगाची टांगती तलवार ठेवण्याचे कारण दिसत नाही. जिथे माल देऊन मोकळा झालेला उत्पादक एकटा आहे, तिथे ती ठेवावी. अशी रेघ कायद्यात ओढणे कठीण आहे हे मान्य. पण सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातून आलेल्या एका अपिलात, सप्टेंबर 2025 मध्ये, तक्रारदाराच्या हस्ते समन्स पोहोचवण्याची आणि आरोपीला सुरुवातीलाच ऑनलाइन रक्कम भरून मोकळे होण्याची वाट सुचवली. बहुतेकांना शिक्षा नकोच असते, पैसे हवे असतात, हे न्यायालयालाही मान्य आहे असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

तुरुंगाच्या भीतीने देणी वसूल होतात या समजुतीहून, शिक्षा वाढवली की गुन्हा घटतो ही समजूत अधिक जिवट आहे. हयगयीने वाहन चालवून कोणाचा जीव घेतल्यास जुन्या कायद्यात दोन वर्षांची कमाल शिक्षा होती. ती फार कमी होती, यात शंका नाही. न्याय संहितेच्या कलम 106 ने ती पाच वर्षे केली, आणि अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. 2024 साल उजाडले ते या तरतुदीविरुद्धच्या ट्रक आणि टँकरचालकांच्या संपाने. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि पुण्या-नागपूरच्या पंपांवर मोटारसायकलींच्या रांगा लागल्या. केंद्राने वाहतूकदारांशी चर्चा केल्याशिवाय दहा वर्षांच्या शिक्षेचे हे पोटकलम लागू होणार नाही असे सांगितले. संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आली, ते पोटकलम मात्र बाजूला ठेवूनच.

रस्त्यावर तडफडणाऱ्याला टाकून पळणे ही अमानुष गोष्ट आहे आणि मृताच्या घरच्यांना दहा वर्षे कमीच वाटतील. चालकांचे म्हणणेही ऐकावे लागते. अपघातस्थळी थांबला तर जमाव जीव घेईल ही त्यांची भीती काल्पनिक नाही. कायदा थांबच म्हणत नाही, कळव म्हणतो, हा सरकारचा खुलासा बरोबर आहे, पण तो महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत कोणी नेला नाही. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री माणसाला रोखते, हे इटलीच्या बेकारियाने 1764 मध्ये लिहून ठेवले. पळालेला ट्रक सापडतच नसेल तर कायद्यात दहा वर्षे लिहिली काय आणि वीस लिहिली काय. महामार्गावरचे चालू असलेले कॅमेरे आणि वेळेत पोहोचणारी रुग्णवाहिका यांनी जे साधेल ते आकडा वाढवून साधणार नाही. विधिमंडळांना मात्र आकडा वाढवणे सोपे पडते; त्याला अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आम्ही फौजदारी कायद्याला आखडते घ्यायला निघालो आहोत. तसे सरसकट म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण महाराष्ट्रातच आहे. रायगड-रत्नागिरीच्या गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले की काय होते? किराणा मिळत नाही, पाणवठ्यावर कोणी बोलत नाही, लग्नाला बोलावणे नाही, घरात मयत झाली तर खांदा द्यायला माणूस नाही. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर त्यात गुन्हा सापडत नाही. दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला नाही म्हटले, शेजाऱ्याने तोंड फिरवले, यासाठी कोणाला तुरुंगात घालणार? पण ते सगळे एका बैठकीत ठरले आणि बोलणाऱ्याला दंड लावला की माणसाचे गावातले जगणे संपते. दिवाणी न्यायालयात त्याने कोणाकडून काय मागायचे? अवघ्या गावावर मनाईहुकूम?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध चालवलेल्या मोहिमेतून हा विषय ऐरणीवर आला. विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक मंजूर केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 मध्ये कायदा अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट फिर्याद घ्यायची; आणि जामीनपात्रही आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तो मिटवताही येतो.

याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. समाजाने आपल्यात कोणाला ठेवायचे हे समाजानेच ठरवावे, हा पहिला. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता; दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला आहे. दुसरा आक्षेप व्यवहारातला. बैठकीत काय ठरले हे सांगणारे साक्षीदार त्याच भावकीतले असतात आणि ते फितूर होतात. वाजवी संशयापलीकडची पट्टी इथे पीडिताच्याच मुळावर येते. तिसरा म्हणजे, खटला जिंकूनही शेजारी बोलायला लागेल याची हमी नाही.

तरी या कायद्याच्या बाजूने आम्ही निःशंक आहोत. चेकवाल्याकडे दुसरे दार होते, कितीही कुरकुरणारे असले तरी. वाळीत टाकलेल्याला दुसरे दारच नव्हते. त्याच्यासमोर एक माणूस नसतो, सबंध गाव असते; आणि गावापेक्षा मोठी ताकद एकच, राज्यसंस्था. खटला शेवटाला गेलाच पाहिजे असेही नाही. ठाण्यातून पंचांना बोलावणे गेले आणि आठवड्यात दंडाची भाषा थांबली, असे अनुभव कार्यकर्ते सांगतात. तडजोडीची वाट कायद्यात ठेवली हे त्यासाठीच शहाणपणाचे ठरले, कारण पीडिताला राहायचे त्याच गावात आहे.

कुठले वाईट कृत्य गुन्हा मानावे हे ठरवताना म्हणून आम्ही दोन गोष्टी पाहू. ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतःच्या बळावर दाद मागू शकतो का? आणि सरकारला हे सिद्ध करता येईल, निदान धाक बसेल इतके तरी, अशी यंत्रणा आहे का? कृत्याचा आपल्याला किती तिटकारा येतो, ही गोष्ट यात आम्ही सर्वांत शेवटी धरू. व्यभिचार मेकॉलेच्या 1837 च्या मसुद्यात गुन्हा नव्हता. तो पुढे घातला गेला, तोही फक्त पुरुषाला शिक्षा देणारा आणि पत्नीला पतीच्या मालकीची समजणारा, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. व्यभिचाराने संसार मोडतात, पण त्यावर घटस्फोटाचा मार्ग आहे. संसदीय समितीने 2023 मध्ये तो स्त्री-पुरुष दोघांसाठी पुन्हा आणण्याची शिफारस केली, आणि सरकारने ती स्वीकारली नाही हे उत्तम केले. त्याच वर्षीच्या जनविश्वास कायद्याने 42 केंद्रीय कायद्यांतल्या 183 तरतुदींमधून बरीचशी कैद वगळून दंड किंवा शास्ती ठेवली, तेही योग्य दिशेने. न्याय संहितेने पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल परत दिला असेल तर, सामुदायिक सेवेची शिक्षा आणली. ही सेवा म्हणजे नेमके काय, ती कोणाच्या देखरेखीखाली करायची, हे जिल्ह्याजिल्ह्यांत ठरवणे बाकी राहिले तर तीही कागदावरच राहील.

शिक्षेच्या आधीची शिक्षा हा या सगळ्याखालचा न बोललेला भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार 220 माणसे होती. त्यांतले 4 लाख 34 हजार 302 कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. त्यांच्यापैकी कोणीही त्या खटल्यात दोषी ठरलेला नव्हता. नवा गुन्हा निर्माण करणे म्हणजे प्रत्यक्षात पोलिसांना अटकेचे आणखी एक कारण देणे असते. बराकीतली गर्दी पाहिलेल्या कुठल्याही जेलरला हे सांगावे लागत नाही. सभागृहात हात वर करणाऱ्यांना सांगावे लागते.

उपाय नवा शोधायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या न्यायमूर्ती जगन्नाथ राव समितीने 2008 मध्ये सुचवले होते, की प्रत्येक नव्या कायद्यामुळे न्यायालयांवर किती बोजा पडेल याचा अंदाज विधेयकाबरोबरच मांडावा आणि त्याचा खर्चही दाखवावा. चेकच्या खटल्यांविषयी बोलताना 2021 मध्ये न्यायालयाने याचीच आठवण करून दिली. महाराष्ट्र विधानसभेला त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. विधेयकात ‘कारावास’ हा शब्द असेल तर सोबत किती दंडाधिकारी, किती सरकारी वकील, किती तपासी अंमलदार वाढणार हे सांगणारे एक पान जोडावे, एवढाच नियम करायचा आहे. ते पान कोरे असेल तर मंत्र्यांना ते विधेयक त्या दिवशी मांडू देऊ नये.